नवं कर्ज न काढता क्रेडिट कार्डांची थकबाकी कशी फेडावी?

गोदाकाठची

मंडळी, सल्ला हवाय, पण एका अटीवर. "पर्सनल लोन काढा आणि सगळी कार्डं एकदम मोकळी करा" एवढं सोडून काहीही सांगा.

मागच्या वर्षी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. मेडिक्लेम निम्माच मंजूर झाला, उरलेलं बिल तीन कार्डांवर घासलं. पुढे फिजिओथेरपी, घरी यायची बाई, औषधं. आज आकडा असा आहे:

पहिलं कार्ड १,४२,००० (महिना ३.७५ टक्के)
दुसरं ८६,००० (३.५ टक्के)
तिसरं ३१,००० (३.५ टक्के)

एकूण २,५९,०००. दोघांचा मिळून ९२ हजार पगार हातात येतो, त्यातले २४ घराच्या हप्त्याला जातात. पोटाला चिमटा काढला तर महिन्याला ३२ हजार कार्डांना देता येतील. आतापर्यंत सगळीकडे फक्त मिनिमम ड्यू भरत आलोय आणि आकडा जागचा हलत नाही.

लोन का नको: घराचा हप्ता आणि काठोकाठ भरलेली कार्डं बघून आमच्या बँकेने नाही म्हटलं. अ‍ॅपवाले द्यायला तयार आहेत, पण ३० टक्क्यांच्या वर. नातेवाइकांत मागायचं नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं तर "माझ्यापायी झालं" हे त्या मनाला लावून घेतील.

प्रश्न एवढाच की आधी कुठलं कार्ड धरू? यूट्यूबवर एक जण म्हणतो सगळ्यात लहान, दुसरा म्हणतो सगळ्यात महाग.

तिरकस

अंथरूण पाहून पाय पसरावेत.

चिंचवडचा_पोपट

@तिरकस, खुबा मोडल्यावर पाय पसरायला कुठलं अंथरूण बघायचं असतं तेही सांगा.

आकडेमोड्या

ताई, अट मान्य, पण एक आकडा नोंदवून ठेवतो, म्हणजे धाग्यावर नंतर कुणी "गणित कुणी केलंच नाही" म्हणायला नको.

तुमच्या ३२ हजारांनी सगळं फिटायला साधारण दहा-अकरा महिने लागतील आणि व्याज व त्यावरचा जीएसटी मिळून ६५-६६ हजार जातील. हेच पैसे बँकेने १६ टक्क्यांनी एका वर्षासाठी दिले असते तर व्याज २३ हजार. म्हणजे लोन वाईट नाही. वाईट असते ती मुदत. तेच कर्ज पाच वर्षांचं केलं की हप्ता ६,३०० वर येतो, ऐकायला गोड लागतो, आणि व्याज १ लाख १९ हजारांवर जातं. अ‍ॅपचे ३० टक्के धरले तर वर्षाचं व्याज ४४ हजार. वर चार टक्के फी आणि फीवर जीएसटी धरला तर वाचणार ते जेमतेम दहा हजार. तेवढ्यासाठी त्यांच्या दारात जाऊ नका, हे माझंही मत.

आता तुमचा प्रश्न. लहान की महाग, हा वाद जिथे एका कार्डाला १२ टक्के आणि दुसऱ्याला २८ टक्के असतात तिथला. आपल्याकडे बहुतेक कार्डं साडेतीन-पावणेचारच्या आसपासच. तुमच्या बाबतीत दोन्ही रस्त्यांत फरक पडेल सगळा मिळून दीड-दोन हजारांचा. तेव्हा लहान आधी मारा. एक ड्यू डेट, एक मिनिमम, एक डोकेदुखी कमी होते.

एडिसनकर

आकडेमोड्या म्हणतात ते बरोबर. इथे न्यू जर्सीत कार्डाला वर्षाचे वीस-बावीस टक्के पडतात तर लोक रडतात. तुमचे ३.७५ म्हणजे वर्षाचे ४५! इथे मी एका कार्डावरचं दुसऱ्या कार्डावर शून्य टक्क्याने वर्षभरासाठी हलवलं होतं. तसं काही नाही का तिकडे?

निवृत्त_शाखाधिकारी

एडिसनकर, बॅलन्स ट्रान्सफर इथेही आहे, पण ज्याची तिन्ही कार्डं भरलीत त्याला चौथी बँक दारात उभं करत नाही. आणि ४५ वर थांबू नका. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र १८ टक्के असतो. म्हणजे ताईंच्या मोठ्या कार्डाचे खरे ५३ टक्के झाले. १,४२,००० वर महिन्याचं व्याज ५,३२५ आणि जीएसटी ९५८. मिनिमम पाच टक्के धरली तर ७,१०० भरून मुद्दल हलतं ८१७ रुपयांनी. आकडा जागचा का हलत नाही ते यात आलं.

ताई, कुठलं कार्ड आधी हे महत्त्वाचं आहेच, पण त्याआधी तीन कामं या आठवड्यात उरका.

तिन्ही कार्डांवर नवा खर्च पूर्ण बंद. पूर्ण न म्हणता "थोडं किराण्यापुरतं" म्हणालात तर फसाल. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या दुधावर आजपासून व्याज लागतं. मोबाइलचं बिल, ओटीटी, विम्याचा हप्ता, जे जे कार्डावरून आपोआप कापलं जातं ते खात्यावर हलवा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर अ‍ॅपमधून काढून टाका. भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करताना पैसे कुठून गेले ते कुणी बघत नाही.

दुसरं, ड्यू डेटची वाट बघू नका. पगार झाला त्याच दिवशी भरा. व्याज रोजच्या बाकीवर चढतं. पगार १ तारखेला आणि ड्यू डेट १८ असेल, तर ३२ हजार सतरा दिवस बचत खात्यात झोपवायचे जीएसटीसकट सव्वासातशे-साडेसातशे पडतात. दर महिन्याला.

तिसरं, तिन्ही कार्डांवर ऑटोपे "मिनिमम" वर लावून ठेवा, निव्वळ चुकामूक टाळायला. वरचे पैसे हाताने भरा. चुकून तारीख हुकलीच तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते आणि सिबिलला, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवता येतं. ती फीसुद्धा उरलेल्या बाकीवर, पूर्ण बिलावर नाही. व्याज मात्र त्या तीन दिवसांचंही लागतं.

कोल्हापुरी_साज

काका, इतकं सविस्तर! वाचनखूण साठवली.

ताई, घरात सोनं असेल तर थोडं मोडून टाका सरळ. भाव चांगला आहे.

गोदाकाठची

@कोल्हापुरी_साज, घरातल्या पाटल्या सासूबाईंच्या आहेत. विषय संपला.

काका, खरंच धन्यवाद. आज बसून यादी केली. तिन्ही कार्डांवर मिळून सात ठिकाणी ऑटोपे निघाला, त्यात मुलीच्या एका अभ्यासाच्या अ‍ॅपचे ८९९, जे तिने परीक्षेनंतर उघडलेलंही नाही.

चिंचवडचा_पोपट

भिशी आहे का कुठे? माझ्या वहिनींनी भिशी उचलून कार्ड मारलं होतं. हसू नका, सीरियसली विचारतोय.

गोदाकाठची

आहे की! शाळेतली, वीस जणींची, दोन-दोन हजारांची. पण माझी चिठ्ठी अजून निघालेली नाही. कधी निघेल ते नशीब.

आकडेमोड्या

बोलीची आहे की चिठ्ठ्यांची? बोलीची असेल तर आधी उचलायला तूट सोसावी लागेल आणि तो व्याजदर काढून बघावा लागेल. चिठ्ठ्यांची असेल आणि कुणी पाळी बदलून देत असेल तर चाळीस हजार बिनव्याजी. ४९ टक्क्यांचं कर्ज शून्य टक्क्याने मारायला मिळतंय. मी तर हात जोडून मागितलं असतं.

तिरकस

म्हणजे नवं कर्ज न काढता फेडायचं, आणि पहिलं पाऊल भिशी. याची टोपी त्याच्या डोक्यावर!

निवृत्त_शाखाधिकारी

तिरकसराव, मुद्दा बरोबर आहे. भिशी आधी उचलली की पुढचे हप्ते हे देणंच असतं. पण ते २,००० ताई आजही भरतातच, त्यांच्या ३२ हजारांत ते धरलेले नसावेत. नवा हप्ता डोक्यावर येत नाही. फक्त वीस जणींचा शब्द आहे, एखादा महिना चुकला तर बँकेला तोंड चुकवता येतं, स्टाफरूममध्ये नाही.

पुणेरी_पाटी

कुणी अजून एक गोष्ट कशी बोललं नाही? कार्डाची बाकी त्याच कार्डावर हप्त्यांत बदलून घेता येते. नवं कर्ज नाही, नवी बँक नाही. अ‍ॅपमध्ये पर्याय दिसतो, नसेल दिसत तर फोन करून मागायचा. पहिल्यांदा मला १८ टक्के सांगितले. "ठीक आहे, विचार करतो" म्हणून ठेवला. चार दिवसांनी त्यांचाच फोन, १५ टक्के. देतीलच असं नाही, पण विचारायला काय जातं? थकलेलं खातं असेल तर देत नाहीत, मिनिमम वेळेवर जात असेल तर बऱ्याचदा देतात.

अटी नीट वाचा: प्रोसेसिंग फी, व्याजावर जीएसटी इथेही आहेच, आणि मधेच बंद करायचं तर बहुतेक ठिकाणी उरलेल्या मुद्दलावर ३ टक्क्यांच्या आसपास घेतात. हप्ता पुढच्या बिलाच्या मिनिमममध्ये पूर्ण धरला जातो, तो चुकला की पुन्हा मूळ दराने व्याज.

आकडेमोड्या

अरे हो, हे राहिलंच. मोठ्या कार्डातले १ लाख १५ टक्क्यांनी १२ हप्त्यांत बदलले तर हप्ता ९,०२६. पहिल्या महिन्याचं व्याज १,२५० आणि जीएसटी २२५. आज त्याच लाखावर ४,४२५ जातायत. पहिल्याच महिन्यात २,९५० वाचले. ताई, कार्डांचा क्रम वगैरे राहू द्या, आधी हा फोन करा.

सई_सांगली

धाग्याला थोडी वेगळीकडे नेते, माफ करा. माझ्या भावाचं कार्ड चार महिने थकलंय. रोज फोन येतात, रात्री नऊलाही. काल शेजारच्या काकूंना फोन करून सांगितलं. वर एक माणूस म्हणतो "अर्धे भरा, सेटल करून देतो, नाहीतर पोलीस येतील." भाऊ घाबरून गेलाय. सेटल करावं का?

निवृत्त_शाखाधिकारी

सईताई, आधी भावाला सांगा, कार्डाचं बिल थकलं म्हणून पोलीस धरून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: दिलेला चेक किंवा बँकेचा ऑटोडेबिट पैशाअभावी परत गेला तर त्यावर वेगळा खटला होऊ शकतो. म्हणून खात्यात पैसे नसताना कुणाच्या दबावाखाली पुढच्या तारखेचे चेक देऊ नका.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणं, धमकावणं हेही चालत नाही. फोनची वेळ, नंबर, स्क्रीनशॉट असं सगळं जपून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला लेखी पाठवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे. माहितीसाठी १४४४८.

सेटलमेंटचं म्हणाल तर नोकरी आहे, पगार येतोय, तोवर नको. बँक अर्ध्यावर सोडते, पण सिबिलच्या रिपोर्टवर "सेटल्ड" असा शिक्का राहतो आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की समोरचा अधिकारी आधी तोच बघतो. मीही तोच बघायचो. अगदीच इलाज नसेल तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि फोनवरच्या माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर तर मुळीच नाही.

तिरकस

कोर्टाने तर ३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही म्हटलं होतं ना? मग भांडा की.

निवृत्त_शाखाधिकारी

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं, २००८ साली. पुढे सर्वोच्च न्यायालयात स्थगिती आली आणि २० डिसेंबर २०२४ ला तो निकालच रद्द झाला. दर ठरवणं हे आयोगाचं काम नाही, असं ठरलं. तेव्हा त्या आशेवर बसू नका.

कोल्हापुरी_साज

ताई, एफडी वगैरे?

गोदाकाठची

मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून ५० हजारांची आहे, ७ टक्क्यांची. ह्यांचं म्हणणं तिला हात लावायचा नाही.

आकडेमोड्या

भावना समजतो, पण ७ टक्के मिळवत ५० टक्के देताय. त्या ५० हजारांवर वर्षाला एकवीस हजारांच्या आसपास तोटा होतोय, आणि तोही मुलीच्याच खात्यातला. मोडा.

निवृत्त_शाखाधिकारी

पूर्ण मोडू नका. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे. हाताशी काहीच नसेल तर पुढचं दुखणं सरळ कार्डावर जाणार, आणि मग हा धागा दुसऱ्यांदा काढावा लागेल. पंचवीस ठेवा, पंचवीस मोडा. बँक एकाच पावतीचे भाग करून मोडू देते का ते विचारा, काही ठिकाणी देतात.

आकडेमोड्या

कागदावर माझं बरोबर, घरात तुमचं बरोबर. मागे घेतो.

गोदाकाठची

मंडळी, बऱ्याच दिवसांनी खुशाली द्यायला आले.

मोठ्या कार्डाच्या बँकेने १ लाख १५ टक्क्यांनी १२ हप्त्यांत बदलून दिले. आधी १७ म्हणाले, पुणेरी_पाटींचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, "विचार करते" म्हणून. एफडीतले पंचवीस त्याच कार्डाच्या उरलेल्या ४२ मध्ये टाकले. ह्यांना पटवायला आकडेमोड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवावा लागला. "मुलीच्याच खात्यातला तोटा" या वाक्यावर गप्प झाले.

भिशीचं सांगते. चिठ्ठी आमच्या गणिताच्या बाईंची निघाली. मी मधल्या सुट्टीत त्यांना बाजूला घेऊन विचारलं. कारण सांगायची तयारी करून गेले होते, त्यांनी विचारलंच नाही. "मला कुठे आत्ता हवेत, तू घे, माझी मार्चमध्ये कर" एवढं म्हणून डबा उघडला. चाळीस हजार आले, तिसरं कार्ड त्याच दिवशी पूर्ण मोकळं केलं. ३१ हजार, बिलावर होता तो आकडा पैशासकट.

आणि आज त्याच कार्डाचं नवं बिल आलं ६३१ रुपयांचं! एक रुपयाचाही खर्च केलेला नाही. फसवणूक आहे का ही?

निवृत्त_शाखाधिकारी

अभिनंदन! फसवणूक नाही. बिल बनलं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज आहे ते. ३१ हजारांवर पंधरा दिवसांचं ५३५ आणि जीएसटी ९६. जुळतंय ना? बिलात पंधरवड्याचं व्याज अजून चढलेलं नसतं, म्हणून बिलाचा आकडा भरला तरी शेपूट राहतं. हे ६३१ आत्ता भरा. पुढचं बिल शून्याचं यायला हवं. अनेक जण इथे "मी तर सगळं भरलं" म्हणून दुर्लक्ष करतात आणि पाच-सहाशे रुपयांपायी लेट फी आणि सिबिलवर डाग लावून घेतात.

गोदाकाठची

भरले. आता हे कार्ड बंद करून टाकू का? हे म्हणतात बंदच कर, दिसायला नको.

आकडेमोड्या

सिबिलच्या दृष्टीने जुनं कार्ड रिकामं राहिलेलं बरं. एकूण मर्यादेच्या किती टक्के वापर आहे ते बघतात, एक मर्यादा गेली की उरलेल्यांचा वापर जास्त दिसतो.

चिंचवडचा_पोपट

स्कोअर पुढच्या वर्षीही वाढवता येतो हो. कार्ड समोर दिसलं की हात शिवशिवतो त्यावर तुमच्या एक्सेलमध्ये कॉलम आहे का?

निवृत्त_शाखाधिकारी

बंद करायचं ठरलं तर लेखी विनंती करा. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. त्याआधी साठलेले पॉइंट वापरून घ्या, आणि वार्षिक फी आहे का बघा. फी असेल तर मी बंदच करेन.

गोदाकाठची

फी नाही, आणि हे तिन्हींतलं सगळ्यात जुनं आहे. मर्यादा ६० हजारांवरून २० वर आणून घेतली, ऑनलाइन आणि टॅपचा वापर अ‍ॅपमधून बंद केला, कार्ड बँकेच्या पासबुकांबरोबर कपाटात. पुढच्या पगारापासून दुसऱ्या कार्डाच्या ८६ हजारांच्या मागे लागतेय. त्या बँकेलाही हप्त्यांचं विचारलं होतं, ते १८ च्या खाली यायला तयार नाहीत. आकडेमोड्या, १८ टक्के घेऊन सहा हप्ते करावेत की तसंच चार-पाच महिन्यांत मारावं? प्रोसेसिंग फी १ टक्का सांगतायत.

आकडेमोड्या

घ्या. सहा हप्त्यांचं व्याज साडेचार-पावणेपाच हजार, जीएसटी आणि फी धरून साडेसहा हजारांच्या आसपास. तसंच ठेवलंत तर दुसऱ्याच महिन्यात तेवढं जाईल. फक्त हप्ता १५,१०० च्या जवळपास बसेल, मोठ्या कार्डाचे नऊ हजार आणि उरलेल्या सतराची मिनिमम धरून ३२ च्या आत येतंय. तीन महिन्यांत ते सतराही संपतील. आधी एक करा, त्यांना "विचार करते" म्हणून बघा.